अधिक, वजा आणि बघू

वेबपेज करायला शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक धड्यात पहिलं उदाहरण एकच असतं. पेजवर एक शून्य असतं आणि त्याच्याखाली एक बटण. बटण दाबलं की शून्याचा एक होतो, पुन्हा दाबलं की दोन. तीन झाल्यावर शिकवणारा विजयी मुद्रेने थांबतो. हा आकडा कसला, तो वाढल्याने कोणाचं काय भलं झालं, हे तो सांगत नाही आणि शिकणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही. जगभरच्या किती तरी तरुण-तरुणींनी असे बिनकामाचे आकडे वाढवले, त्यांना पुढे चांगल्या नोकऱ्या लागल्या, आणि ते पेज त्यांनी आयुष्यात पुन्हा उघडलं नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मात्र त्या आकड्याला मोक्ष मिळाला. गणपतीतल्या महाप्रसादाला किती पानं उठणार, हा आमच्याकडचा सनातन प्रश्न आहे. आजवरची पद्धत अशी, की वॉचमन एक वही घेऊन दारोदार फिरतो. त्या वहीत ‘येणाऱ्यांची संख्या’ असा रकाना खजिनदार स्वतः पट्टीने आखतात, आणि त्या रकान्यात संख्या सोडून सगळं सापडतं. ‘आम्ही सगळे’, ‘येतो बहुतेक’, ‘दोन, सासूबाई आल्या तर तीन’, ‘मुलीची परीक्षा’. एका घराने तर नुसतं ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिलं होतं. खजिनदार त्यातून बेरीज काढतात. सेक्रेटरी व्हॉट्सॲप ग्रुपवरचे अंगठे मोजून वेगळी बेरीज काढतात. वॉचमनकडे तिसरा आकडा असतो. तो तोंडी असतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो. गेल्या वर्षी तिघांमधला मधला आकडा केटररला कळवला आणि शेवटच्या पंगतीला जिलबी संपली. जिलबी संपणं ही आमच्याकडे सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येणारी घटना आहे.

सभेत ठरलं, यंदा वेबपेज. “साधं असू दे. नुसतं बटण दाबायचं, आकडा वाढायचा,” सेक्रेटरी म्हणाले. ‘साधं’ आणि ‘नुसतं’ हे दोन शब्द एका वाक्यात आले, की ऐकणाऱ्याने तिथून उठावं. मी उठायच्या आत काम माझ्याकडे आलं, कारण माझी लेक बंगळुरात याच कामाची नोकरी करते, आणि सोसायटीच्या मते ज्ञान रक्तातून खालून वरही चढतं.

“बाबा, एक आधी लक्षात घे,” लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “पेज स्वतःहून काहीच करत नाही. ते वाट बघतं.”

माझ्या पिढीला हे पचायला जड. आम्ही बेसिक शिकलो तेव्हा प्रोग्रॅम हा साहेब होता. काळ्या पडद्यावर तो विचारायचा, नाव? ते दिल्याशिवाय वयाकडे जायचा नाही. प्रश्न त्याचे, क्रम त्याचा, आपण फक्त उत्तरं द्यायची. मग १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं, आणि नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासांतून ‘कमांड वन अंडरस्कोर क्लिक’ हा मंत्र घुमू लागला. पडद्यावर बटण ओढून आणायचं, त्यावर डबल क्लिक करायचं आणि उघडलेल्या कोऱ्या जागेत लिहून ठेवायचं, की कोणी हे दाबलं तर काय करायचं. दाबलं तर. तोपर्यंत स्वस्थ बसायचं. यालाच इव्हेंट-ड्रिव्हन म्हणतात. साहेबी संपली, प्रोग्रॅम आता दाराशी उभा राहून हाकेची वाट बघतो. कोणी क्लिक केलं, कळ दाबली, माउस वरून नेला, खिडकी लहान-मोठी केली, की हाक गेली. ती ऐकणाऱ्याला लिसनर म्हणतात. ज्या हाकेसाठी लिसनर नेमलेला नाही, ती कोणी कितीही मोठ्याने मारली तरी ऐकली जात नाही. हे मला फार ओळखीचं वाटलं, पण आमच्या मेंटेनन्स उपसमितीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

वेबला हे ऐकणं जन्मतः येत नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब उभं केलं आणि १९९१ मध्ये ते जगासाठी खुलं झालं, तेव्हा पेज म्हणजे वाचायचा कागद होता. एका कागदावरून दुसऱ्यावर जाता येई, त्यापलीकडे त्याला हात लावून उपयोग नव्हता. मग मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक भाषा रचली. दहा दिवस! चतुर्थीला बसवायला घेतली असती तर अनंत चतुर्दशीला तयार. फरक एवढाच, की हिचं विसर्जन पुढे कोणालाच करता आलं नाही. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. त्या वेळी जावा नावाच्या भाषेची हवा होती, म्हणून ते नाव पुढे जोडलं. रक्ताचं नातं काही नाही. त्या घाईत राहिलेल्या काही खोडी आजही तशाच आहेत, कारण त्या काढायला गेलं तर मधल्या काळात त्यांच्यावर विसंबून लिहिलेली पेजेस कोसळतील. बी विंगच्या गच्चीवरचा आडवा पाइप याच कारणासाठी कोणी हलवत नाही.

त्यातली एक खोड महाप्रसादाला थेट भिडणारी. पेजवरच्या चौकटीत माणसाने चार टाइप केले तरी जावास्क्रिप्टच्या हाती येतो तो मजकूर; आकडा नव्हे. घरातले चार आणि पाहुणे दोन यांची बेरीज सांगितली, की ती दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवते आणि म्हणते, बेचाळीस. वजाबाकी सांगितली तर मात्र तिला अचानक गणित आठवतं आणि उत्तर दोन येतं. हे ऐकून खजिनदार क्षणभर विचारात पडले. “येणं बेचाळीस आणि शिल्लक दोन,” ते म्हणाले, “आपलं वर्गणीचं खातंसुद्धा याच भाषेत आहे बहुतेक.”

चाचणीच्या दिवशी तळमजल्यावरच्या आजोबांनी चौकटीत मराठी कीबोर्डने शुद्ध देवनागरी पाच टाकला. जावास्क्रिप्टला तो आकडा म्हणून वाच म्हटलं, तर ती म्हणाली, नॅन. म्हणजे हा आकडाच नव्हे. आजोबांनी हयातभर शाळेत गणित शिकवलेलं. “पाच हा आकडा नाही?” त्यांनी चष्मा काढून विचारलं. आता गंमत अशी, की या नॅनलाच ‘तुझा प्रकार कोणता’ म्हणून विचारलं तर जावास्क्रिप्ट उत्तर देते, नंबर. आणि एका नॅनची दुसऱ्या नॅनशी तुलना केली तर म्हणते, हे दोघे समान नाहीत. हे शेवटचं तिचं एकटीचं पाप नाही. अपूर्णांकांच्या गणितासाठी संगणकवाल्यांनी मिळून मानलेला नियमच तसा आहे. पण आजोबांना पाप-पुण्याची वाटणी नको होती. “मी अद्वैत वाचलंय,” ते म्हणाले, “हे त्याच्या पुढचं दिसतंय.” दाखवायच्या वेळी मात्र तोच ब्राउझर मराठी अंक सुरेख दाखवतो, लाख-कोटींचे स्वल्पविराम जागच्या जागी देऊन. मराठी बोलता येते, ऐकू येत नाही, अशी ही अवस्था आहे आणि ती फक्त यंत्रांपुरती नाही.

चौकट रद्द झाली. राहिली दोन बटणं, अधिक आणि वजा.

मग कंपोनंट. पेज एकसंध लिहायचं नाही, तुकड्यांत लिहायचं. प्रत्येक तुकड्याने आपला चेहरा आणि आपली वागणूक आपण सांभाळायची. ‘फ्लॅट’ नावाचा तुकडा एकदा लिहिला, त्यात क्रमांक, आकडा आणि दोन बटणं बसवली, की तोच छप्पन्न ठिकाणी वापरायचा. फ्लॅट मिळून विंग, विंगा मिळून सोसायटी. ही रीत घरोघरी पोचवली रिॲक्टने. फेसबुकमधल्या जॉर्डन वॉक यांनी केलेली ही लायब्ररी मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. तोवर वेबच्या घरात कडक सोवळं होतं. मजकुराची एचटीएमएल एका फाइलीत, रंगरंगोटीची सीएसएस दुसरीत, जावास्क्रिप्ट तिसरीत. एकीचा पदर दुसरीला लागता कामा नये. रिॲक्टने थेट जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारखं दिसणारं लिहायला घेतलं. बाटली, बाटली म्हणून ओरड झाली आणि काही वर्षांत ओरडणारे त्याच पंगतीला बसले.

रिॲक्टची एक अट असते. यादीतल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची अशी ओळख द्यायची. तिला ‘की’ म्हणतात. तेवढ्यावरून रिॲक्टला कळतं, की मघाचा तुकडा आणि आत्ताचा तुकडा एकच. छप्पन्न फ्लॅटांना छप्पन्न क्रमांक, यात अवघड काय? तर बी विंगमध्ये ४०१ आणि ४०२ मधली भिंत पाडून एकच घर केलेलं आहे. ते गृहस्थ पार्किंग मागताना दोन फ्लॅट असतात आणि वर्गणी देताना एक. “तुमच्या पेजवर आम्ही किती?” त्यांनी विचारलं. सोसायटीत फ्लॅट छप्पन्न की पंचावन्न हा प्रश्न ती भिंत पडल्यापासून एकामागून एक आलेल्या सगळ्या समित्यांनी शिताफीने टाळला होता. संगणकाला टाळाटाळ कळत नाही, त्याला यादी लागते. शेवटी ‘बी-४०१-४०२’ अशी जोडओळख दिली. रिॲक्टला चालली. सहकार खात्याला चालेल का, हे विचारायला कोणी गेलं नाही.

पण खरा पेच पुढेच होता. आकडा ठेवायचा कोणाकडे?

बदलत्या माहितीला प्रोग्रॅमर स्टेट म्हणतात. पहिल्या आराखड्यात प्रत्येक फ्लॅटचा आकडा त्या फ्लॅटच्या कंपोनंटमध्येच होता. बी-१०३ च्या काकूंना हे एकदम पसंत पडलं. “आमच्या घरचा आकडा आमच्या घरात. बरोबर आहे.” पण मग एकूण बेरीज कशी करायची? फ्लॅटच्या आत काय आहे ते सोसायटी नावाच्या कंपोनंटला दिसत नाही. “बाबा, स्टेट वर न्यावी लागेल,” लेक म्हणाली. म्हणजे सगळे आकडे सोसायटीकडे. फ्लॅटला त्याचा आकडा वरून मिळणार. असं जे वरून मिळतं त्याला प्रॉप म्हणतात. प्रॉप वाचायचा, बदलायचा नाही. बदलावासा वाटला तर त्याच्याबरोबर वरून आलेलं एक फंक्शन बोलवायचं, म्हणजे अर्ज करायचा. सोसायटी आपल्याकडचा आकडा बदलते आणि नवा आकडा पुन्हा खाली उतरतो. माहिती वरून खाली, विनंती खालून वर.

काकूंनी हरकत घेतली.

“म्हणजे आमच्याकडचे किती जेवणार, हे सोसायटी आम्हाला सांगणार?”

“नाही काकू, सांगायचं तुम्हीच. नोंद फक्त सोसायटीकडे.”

“आणि सोसायटीने परस्पर बदलला तर?”

“तर तुम्हाला लगेच दिसेल.”

“दिसून काय करू? हात लावायचा नाही म्हणताय ना?”

हा संवाद लेकीला ऐकवला. तिच्या ऑफिसात याच विषयावर आठवडेच्या आठवडे वाद चालतात म्हणे, फक्त काकूंइतकं मुद्द्याचं कोणी बोलत नाही. माझं मत आता काकूंच्या विरुद्ध झालं आहे, पण त्यांच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. एका माहितीचं खरं ठिकाण एकच असावं, बाकी सगळ्यांनी तिथून वाचून घ्यावं, एवढंच हे तत्त्व. आमच्याकडे खरी ठिकाणं तीन होती, वही, अंगठे आणि वॉचमन. गेल्या वर्षीची जिलबी त्या तिघांच्या मधल्या फटीत पडली होती.

स्टेट वर गेली, तशी रिॲक्टची खरी करामत दिसली. एका फ्लॅटने एक माणूस वाढवला, की ती सोसायटीपासून खालपर्यंतचं पेज कसं दिसायला हवं ते नव्याने मांडते, पण मनातल्या मनात. मग हे मनातले मांडे मनातच जपलेल्या जुन्या मांडणीशी ताडून बघते आणि शेवटी जाऊन ३०२ समोरचा तीन पुसून चार करते, आणि तळाची बेरीज. बाकी कशाला बोट लावत नाही. एवढा विचार करून एवढंसंच काम करणारं दुसरं काही मी सरकारी खात्याबाहेर पाहिलेलं नाही. इथे ते चांगलं म्हणायचं, कारण पडद्यावर खरोखर रंगवणं हेच महाग असतं.

आता पेज ग्रुपवर टाकायचं आणि सगळ्यांनी घरबसल्या बटणं दाबायची, असं सेक्रेटरींच्या मनात होतं. पण ही स्टेट ज्याच्या त्याच्या ब्राउझरात राहते. छप्पन्न घरांत छप्पन्न सोसायट्या झाल्या असत्या, प्रत्येकीत एकच कुटुंब जेवायला येणार. ते टाळायचं तर सर्व्हर हवा, डेटाबेस हवा, कोण कोणाचं बटण दाबतंय हे कळायला लॉगिन हवं. ‘लॉगिन’ ऐकून सेक्रेटरींनी हात जोडले. पार्किंगच्या स्टिकरसाठी रहिवाशांकडून एकेक फोटो मिळवताना त्यांचं वय वाढलं होतं.

तोडगा खजिनदारांनी काढला. लॅपटॉप एकच ठेवायचा, वॉचमनच्या टेबलावर. एक ब्राउझर, एक पेज, एक आकडा. येता-जाता ज्याने त्याने आपलं बटण दाबावं. वीज गेली किंवा कोणी पेज बंद केलं तरी आकडे राहावेत म्हणून ते ब्राउझरच्याच लोकलस्टोरेज नावाच्या कोनाड्यात ठेवायचे. (तिथेही फक्त मजकूर ठेवता येतो, काढताना त्याचा पुन्हा आकडा करून घ्यायचा, नाही तर परत बेचाळीस.) लेक आधी पोटभर हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “चालेल हे. लोक ज्यावर पीएचडी करतात ते तुम्ही टेबल टाकून सोडवलंत.” गर्दी झाली तरी चिंता नव्हती. जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम हातात घेते. बाकीच्या हाका रांगेत उभ्या राहतात. एखादं काम शून्य मिलिसेकंदांनी कर म्हणून सांगितलं तरी ते लगेच होत नाही, हातातलं संपल्यावर रांगेतून त्याचा नंबर येतो. ‘निघालोच’ म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लॅपटॉप मांडल्यावर संध्याकाळी मी वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो. बटण दाबणं ही क्रिया एकच आहे असं धडे लिहिणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्या बऱ्याच जाती आहेत. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर शिकलेली माझ्या वयाची माणसं सगळं डबल क्लिक करतात. त्यांना एक माणूस वाढवायचा असतो, दोन वाढतात. मग ते वजा करायला जातात, दोन कमी होतात. एक गृहस्थ बराच वेळ दोन आणि चारच्या मध्ये झुलत होते, त्यांना तीन जण न्यायचे होते. दुसरी जात माउस बटणावर नेऊन थांबणाऱ्यांची. ब्राउझरला माउस आल्याचा इव्हेंट मिळतो, पण पुढे काही घडत नाही. माणूस पेजची वाट बघतो, पेज माणसाची. अखेर माणूस वॉचमनकडे वळून विचारतो, “दाबू का?” या इव्हेंटसाठी जगात लिसनर निघालेला नाही. वॉचमन मान हलवतो, मग क्लिक होतं.

तिसरी मंडळी दाबून झाल्यावर जागची हलत नाहीत. आकडा बदललेला डोळ्यांना दिसतो, तरी विचारतात, “आता ओके कुठे करायचं?” बेरीज तत्क्षणी झाली, काही करायचं उरलं नाही, हे त्यांना पटत नाही. सही-शिक्क्याशिवाय काम झालं असं मानायची आपल्याला सवय नाही. म्हणून तळाला ‘नोंदवा’ असं ठसठशीत बटण दिलं. ते दाबलं की ‘नोंद झाली, आभारी आहोत’ एवढंच उमटतं, आत काहीही घडत नाही. घडू नये याचीही काळजी घ्यावी लागते, कारण फॉर्ममधल्या बटणाला वेगळं काही सांगितलं नाही तर फॉर्म पाठवून अख्खं पेज नव्याने उघडणं हा त्याचा जन्मस्वभाव. तो रोखला. काहीही न करणारं हे बटण पेजवरचं सगळ्यात लोकप्रिय बटण ठरलं.

वजाची कथा वेगळी. ए विंगमधल्या एका ज्येष्ठांनी आपल्या फ्लॅटसमोर शून्य असताना शांतपणे वजा दोनदा दाबलं आणि उजळणी केल्यासारखं वाचलं, “वजा दोन.” वजा दोन माणसं कशी जेवणार, असं वॉचमनने अदबीने विचारलं. “गेल्या वर्षी आम्हा दोघांना जिलबी मिळाली नाही,” ते म्हणाले. “तो हिशेब आधी पुरा करा.” आकडा शून्याच्या खाली जाऊ नये असं लिहिणं म्हणजे एका ओळीचं काम, ते त्याच रात्री झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन-चारदा दाबून पाहिलं, शून्य ढिम्म हललं नाही, तेव्हा त्यांनी निषेधाची सोय काढून घेतल्याबद्दल समितीला पत्र दिलं.

सेक्रेटरींनी मध्येच एक हौस केली होती. फ्लॅटच्या नावावर कुठेही दाबलं, की त्याची वर्गणी जमा की बाकी ते दिसावं. फ्लॅटच्या चौकटीत बटण, आणि चौकटीलाही लिसनर. आता क्लिक नावाची घटना घडली तिथेच थांबत नाही. ती बटणावरून फ्लॅटकडे, फ्लॅटवरून विंगकडे, तिथून सोसायटीकडे अशी बुडबुड्यासारखी वर चढत जाते आणि वाटेतले सगळे लिसनर तिला ऐकतात. त्यामुळे एका सद्गृहस्थांनी दहा जणांसमोर अधिकचं बटण दाबलं, तेव्हा माणूस तर एक वाढलाच, वर लाल अक्षरांत ‘वर्गणी बाकी’ असंही आलं. पूर्वी यावर कंपन्यांत दुमत होतं. नेटस्केपचं म्हणणं, घटना वरून खाली यावी. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, खालून वर जावी. वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २००० मध्ये दोघांचंही मान्य केलं, आधी वरून खाली आणि मग खालून वर. मराठी माणसाला असं मंडळ परकं वाटणार नाही. घटना वाटेत अडवायचीही सोय आहे. एक शब्द लिहिला की ती वर जात नाही. तो शब्द सेक्रेटरींनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. त्यांना तो तक्रारींसाठी हवा होता.

या सगळ्यातून पेज तरलं. अडलं ते एकाच जागी, आणि ती जागा माझ्या लक्षात वॉचमनमुळे आली. संध्याकाळभरात कितीजण लॅपटॉपपाशी थांबत, वाकून बघत आणि काहीही न दाबता लिफ्टकडे जात. “हे काय म्हणाले?” मी विचारलं. “बघू म्हणाले,” वॉचमन म्हणाला. “वहीत लिहायचे. इथे लिहायला जागा नाही ना साहेब.”

जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस नावाची एक वस्तू २०१५ पासून अधिकृत आहे. पुढे कधी तरी मिळणाऱ्या उत्तराची ती हमी. तिच्या अवस्था तीन: अजून ठरलेलं नाही, पुरं झालं, फसलं. एकदा पुरं झालं की ते पुरंच. मागे फिरता येत नाही. ‘बघू’ या तिन्हींत बसत नाही. ते ठरलेलं नाही म्हणावं तर म्हणणाऱ्याने मनात पक्कं ठरवलेलं असतं. ते पुरंही होतं आणि फसतंही, कधी कधी एकाच संध्याकाळी, म्हणजे आपण जात नाही आणि धाकट्याला डबा घेऊन पाठवतो. दोन बटणांनी आमच्या सोसायटीतल्या सर्वांत प्रामाणिक उत्तराला दारच ठेवलं नव्हतं. वहीच्या रकान्यात ते मावत होतं. मी मघाशी त्या रकान्याची थट्टा केली, पण तो रकाना पेजपेक्षा शहाणा होता.

लेकीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बटण दे ना त्याचं.” फ्लॅट हा कंपोनंट एकदाच लिहिलेला, म्हणून एकाच जागी तिसरं बटण घातलं आणि पंचावन्न का छप्पन्न ठिकाणी ते आपोआप उगवलं. कंपोनंटची थोरवी मला त्या क्षणी पटली. इतर वेळी या सोसायटीत एक नवीन गोष्ट सगळ्या मजल्यांवर एकदम झाल्याची नोंद नाही. अधिक-वजा करून माणसं सांगायची, आणि खात्री नसेल तर ‘बघू’ दाबायचं, मग ती माणसं वेगळ्या बेरजेत जाणार.

त्या संध्याकाळी टेबलापाशी रांग लागली. ‘दाबू का?’ असं कोणी विचारलं नाही. काकूंनीसुद्धा सोसायटीकडे ठेवलेला आपला आकडा एकदा नजरेखालून घातला आणि ‘बघू’ दाबलं.

महाप्रसादाच्या आदल्या दिवशी केटरर हिशेबाला आले तेव्हा पडद्यावर होतं: येणार १४६, बघू ३८. खजिनदार अवघडले. एक आकडा द्यायचा म्हणून एवढा खटाटोप केला आणि निघाले दोन. ते समजावायला लागणार, तोच केटररनी हात वर केला. त्यांना काही समजवायची गरज नव्हती.

“बघूचे निम्मे धरायचे,” ते म्हणाले. “पाऊस लागला तर सगळे धरायचे. बाहेर कुठे जाता येत नाही, खाली उतरून जेवतात. आणि भारत-पाकिस्तान मॅच असली तर येणाऱ्यांतलेच वीस कमी करायचे, पण भात तेवढाच ठेवायचा, कारण मॅच जिंकली तर रात्री दहाला येतात.”

हे सगळं त्यांनी मसालेभाताच्या तांदळाचा हिशेब करता करता, मान वर न करता सांगितलं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. डोळ्यांत तीच चमक. “मग हे सूत्र घालून टाका ना पेजमध्ये. साधंच आहे. नुसतं पावसाचं एक बटण.”

“आणि पावसाचं बटण दाबायचं कोणी?” खजिनदारांनी विचारलं.

वॉचमनने हात वर केला.